कणकुंबी ते अथणी: हवामान मॉडेलांचा डेटा उतरवायचा आणि वापरायचा कसा

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ‘बेळगाव, उद्या ३२ मिमी पाऊस’ असं दिसतं, तेव्हा तो आकडा कुठल्या तरी जागतिक मॉडेलच्या फाइलमधून आलेला असतो. ही मूळ फाइल कुणालाही, पैसे न भरता मिळते. अडचण पुढे सुरू होते. फाइल अवाढव्य असते, वेळ आपल्या घड्याळाची नसते, पाऊस कधी मीटरमध्ये तर कधी मिलिमीटरमध्ये असतो, आणि खानापूर नि बेळगाव दोन्हींचा आकडा एकच निघतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले विद्यार्थी, शेतकरी गट आणि कृष्णाकाठी पाण्यावर लक्ष ठेवणारी मंडळी यांच्यासाठी हा लेख आहे. पायथॉन थोडं येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत सोपी वाटही दिली आहे.

१. आधी प्रश्न लिहा, मग फाइल शोधा

बहुतेक नवशिके उलटं करतात. आधी डेटा उतरवतात आणि मग त्याचं काय करायचं ते शोधतात. डिस्क भरते, काम पुढे सरकत नाही.

कागदावर एक वाक्य लिहा: कुठला घटक, कुठला भाग, किती दिवस पुढचा, आणि निर्णय कोणता. उदाहरणार्थ, ‘पुढच्या पाच दिवसांत दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यात रोज किती पाऊस, म्हणजे सदलगा भागातल्या नदीकाठच्या मोटारी वर काढायच्या का?’ किंवा ‘अथणीकडच्या द्राक्षबागेत उद्या रात्री आर्द्रता किती, फवारणी आज करावी की परवा?’ पहिल्या प्रश्नाला फक्त पाऊस लागतो, पण चौकट मोठी लागते. दुसऱ्याला चार घटक लागतात, पण एकच ठिकाण पुरतं.

काही प्रश्न या डेटाला विचारायचेच नाहीत. बळ्ळारी नाला फुगून येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात पाणी किती वाजता शिरेल हे जागतिक मॉडेल सांगू शकत नाही. ते पाणी दोन-तीन तासांत थोड्या क्षेत्रावर कोसळलेल्या सरींचं असतं आणि मॉडेलचा एक चौकोन त्या सगळ्या शिवारापेक्षा मोठा असतो. एप्रिल-मेमधल्या वळवाचंही तसंच. या आठवड्यात वळवाला पोषक हवा आहे का, एवढं कळेल. तो कुठल्या गावावर पडेल ते कळणार नाही.

२. सामान

- ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप आणि ५० जीबी मोकळी जागा. सांगितल्याप्रमाणे काम केलंत तर एवढं वर्षभर पुरतं.
- लिनक्स असेल तर उत्तम. विंडोजवर त्याच्या आतलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल, सुरू करून घ्या.
- पायथॉन मिनीफोर्जमधून बसवा आणि कोंडा-फोर्ज या पॅकेज-साठ्यावरून एक्सअरे (तक्ते हाताळायला), सीएफग्रिब आणि एककोड्स (ग्रिब, म्हणजे मॉडेलांचा डेटा ज्या स्वरूपात येतो त्या फाइली, वाचायला), डास्क (मोठा डेटा तुकड्यांत हाताळायला) आणि हर्बी (डेटा उतरवायला) ही पाच पॅकेजेस एकाच आज्ञेत घ्या. एकेक पॅकेज वेगवेगळ्या मार्गानं बसवलं की सीएफग्रिबला एककोड्स सापडत नाही, आणि ‘लायब्ररी मिळत नाही’ या एका चुकीवर दोन दिवस जातात.
- डब्ल्यूग्रिब-२ आणि सीडीओ ही दोन आज्ञा-ओळीची साधनं. फाइलमध्ये काय आहे ते झटपट पाहायला यांच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.
- फक्त बघायचं असेल तर नासाचं पॅनोप्ली. जावा लागतं; कोड लिहावा लागत नाही.
- युरोपच्या जुन्या डेटासाठी कोपर्निकस क्लायमेट डेटा स्टोअरचं मोफत खातं आणि त्याची की, म्हणजे कोडची ओळख पटवणारा संकेतांक. खातं उघडलं तरी प्रत्येक डेटासेटची परवानाअट त्याच्या पानावर एकदा स्वतंत्रपणे मान्य करावी लागते. ती राहिली की विनंती नाकारली जाते आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

३. कोणता डेटा कशासाठी

जीएफएस. अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेचं मॉडेल. ग्रिड, म्हणजे आकडे ज्या बिंदूंवर मिळतात त्यांची जाळी, ०.२५ अंशाचं. दिवसातून चार रन, म्हणजे मॉडेलच्या चार फेऱ्या: ००, ०६, १२ आणि १८ यूटीसी (जागतिक वेळ; आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे). पहिले १२० तास दर तासाचा अंदाज, पुढे ३८४ तासांपर्यंत दर तीन तासांचा. ताजा डेटा नोआच्या नोमॅड्स सर्व्हरवर असतो, पण तिथे साधारण दहा दिवसच राहतो. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवरच्या नोआच्या सार्वजनिक साठ्यात २०२१ पासूनचे रन आहेत आणि त्यासाठी खातं लागत नाही. त्याआधीचे हवे असतील तर अमेरिकेच्या एनकार या वातावरण-संशोधन केंद्राच्या संग्रहात जानेवारी २०१५ पासून मिळतात.

ईसीएमडब्ल्यूएफ. युरोपीय हवामान-अंदाज केंद्राचं आयएफएस मॉडेल. खुला डेटा ०.२५ अंशावर मिळतो. १४४ तासांपर्यंत दर तीन तासांनी, नंतर दर सहा तासांनी. घाटातल्या पावसासाठी जीएफएसबरोबर हे मॉडेल घ्यावंच. एकट्या मॉडेलवर विसंबू नये. याच केंद्राचं एआयएफएस हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं मॉडेल फेब्रुवारी २०२५ पासून नियमित चालू आहे. ते सहा-सहा तासांच्या टप्प्यानं येतं, हे लक्षात ठेवा. सातव्या पायरीत त्याचं कारण कळेल.

आयकॉन. जर्मन हवामान खात्याचं, जागतिक ग्रिड सुमारे १३ किमी. ग्रिड त्रिकोणी असल्यानं आधी सीडीओनं चौकोनी करून घ्यावं लागतं, आणि सर्व्हरवर डेटा जेमतेम एक दिवस टिकतो. सुरुवातीला याच्या नादी लागू नका.

भारतीय मॉडेलं. एनसीएमआरडब्ल्यूएफ या केंद्र सरकारच्या अंदाज केंद्राचं एनसीयूएम मॉडेल १२ किमीचं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेनं घडवलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली. ती ६ किमीची आहे. यांचे नकाशे रोज शेजारी उघडे ठेवा. आपल्या घाटासाठी ६ किमी आणि २५ किमी यांत मोठा फरक पडतो.

ईआरए५. हा अंदाज नव्हे. १९४० पासूनच्या निरीक्षणांना मॉडेलमध्ये बसवून केलेली फेरमांडणी आहे. ‘मागच्या वीस वर्षांत जूनमध्ये कसा पाऊस झाला’ याला चालतो. पण मॉडेलचा अंदाज किती चुकतो हे ईआरए५ घेऊन ठरवू नका. अंदाजाच्या चुकीचा अभ्यास करायचा तर त्या-त्या दिवशी दिलेले जुने अंदाजच हवेत. त्यासाठी टिगी हा संग्रह आहे, ऑक्टोबर २००६ पासूनचा.

सोपी वाट. कोड नको असेल तर ओपन-मेटिओ. अक्षांश-रेखांश दिले की तासावार तक्ता सीएसव्हीमध्ये मिळतो, आणि बिगर-व्यावसायिक कामाला की लागत नाही. मात्र मॉडेल स्वतः निवडा. काहीच निवडलं नाही तर ते ‘सर्वांत योग्य’ म्हणून मॉडेलांचं मिश्रण देतं आणि कालचा आकडा आजच्याशी ताडता येत नाही.

४. चौकट ठरवा

बेळगाव जिल्ह्याचा नकाशा घेऊन त्याचीच चौकट आखली तर पुराच्या कामात फसगत होते. चिकोडी तालुक्यात कल्लोळजवळ चढणारं कृष्णेचं पाणी कोयना आणि महाबळेश्वरच्या पट्ट्यातून येतं, दूधगंगेचं काळम्मावाडीकडून, वेदगंगेचं पाटगावकडून. मलप्रभा मात्र आपल्याच कणकुंबीत उगम पावते. म्हणून चौकट खोऱ्याची घ्या: उत्तर अक्षांश १४.७५ ते १८.२५ आणि पूर्व रेखांश ७३ ते ७६. यात महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली, कणकुंबी, हिडकल, सौंदत्ती, अथणी सगळं येतं.

आता आकडे बघा. ०.२५ अंशाच्या जागतिक ग्रिडवर १४४० गुणिले ७२१, म्हणजे १०,३८,२४० बिंदू असतात. आपल्या चौकटीत १५ गुणिले १३, फक्त १९५. जागतिक ग्रिडवरचा एक घटक, एक वेळ, रॅममध्ये ४ एमबीच्या वर जागा घेतो. एका रनच्या २०९ वेळा उघडल्या तर सुमारे ८७० एमबी, आणि दहा घटक घेतले की ८ जीबीचा लॅपटॉप बसला. आपल्या चौकटीचा तोच एक घटक, सगळ्या २०९ वेळा मिळून, दोनशे केबीसुद्धा होत नाही.

५. अख्खी फाइल उतरवू नका

जीएफएसची एका तासाची पूर्ण फाइल सुमारे ५०० एमबीची. एका रनच्या २०९ फाइली म्हणजे १०० जीबी. खानापूरच्या पश्चिमेला, जिथे फोन लागायचीच मारामार, तिथे हा विचारच सोडा. पण बेळगाव शहरात फायबर असलं तरी याची गरज नाही.

दोन वाटा आहेत.

पहिली, नोमॅड्सचं ग्रिब फिल्टर. पानावर तारीख, रन, तास, घटक, पातळी निवडायची आणि खाली चौकटीच्या चार कडा द्यायच्या. सर्व्हरच कापून देतो. काही केबींची फाइल हातात येते. एकदा निवड झाली की पानावर तयार दुवाही दाखवता येतो. तो कोडमध्ये घालून फक्त तारीख आणि तास बदलत राहा. मात्र मिनिटाला १२० विनंत्यांच्या वर गेलात तर तुमचा पत्ता काही काळ अडवला जातो. दोन विनंत्यांमध्ये एक-दोन सेकंद थांबा.

दुसरी, अनुक्रमणिकेची वाट. प्रत्येक ग्रिब फाइलसोबत एक छोटी मजकूर-फाइल असते. जीएफएसच्या या फाइलीत दर ओळीला क्रमांक, सुरुवातीचा बाइट, तारीख, घटक, पातळी आणि कालावधी असतो. हवी ती ओळ शोधायची, तिचा सुरुवातीचा बाइट घ्यायचा, पुढच्या ओळीच्या सुरुवातीतून एक वजा करायचा, आणि सर्व्हरला तेवढाच तुकडा मागायचा. ईसीएमडब्ल्यूएफच्या अनुक्रमणिकेत सुरुवात आणि लांबी दोन्ही थेट लिहिलेली असतात. हर्बी हे सगळं तुमच्या वतीनं करतं, पण एकदा हातानं करून बघा. पुढे काही बिघडलं तर कुठे बघायचं ते कळतं.

उतरलेली प्रत्येक फाइल तपासा. ग्रिब संदेशाची पहिली चार अक्षरं रोमन लिपीत ‘ग्रिब’ असतात आणि शेवटची चार ‘७७७७’, अर्थात इंग्रजी आकड्यांत. सर्व्हर व्यस्त असला की तो कधी कधी चुकीचा संदेश असलेलं वेबपान पाठवतो आणि ते ग्रिबच्याच नावानं जतन होतं. पहिली चार अक्षरं पाहिली की चोरी पकडली जाते. मध्येच तुटलेल्या फाइलीत शेवटचे चार सात नसतात.

वेळेचं गणितही इथेच समजून घ्या. ००चा रन आपल्याकडे पहाटे साडेपाचचा. जीएफएसच्या फाइली साधारण नऊपासून यायला लागतात आणि साडेदहाच्या आसपास सगळा रन पूर्ण होतो. युरोपीय मॉडेलचा त्याच वेळचा रन दुपारी एकच्या सुमारास हाती येतो. सकाळी नऊ वाजता आपोआप चालणारा कोड लावला, तर जीएफएसच्या पहिल्या काही फाइलीच मिळतात आणि बाकीचे दिवस कालचेच राहतात. अकरा वाजता लावा, आणि तरीही शेवटची फाइल आली आहे का ते बघूनच पुढे जा.

६. फाइल उघडताना

एक्सअरे आणि सीएफग्रिबनं पूर्ण जीएफएस फाइल उघडली की पहिल्याच झटक्यात चूक येते. कारण साधं आहे: त्या फाइलीत २ मीटरचं तापमान, १० मीटरचा वारा, हवेच्या दाबाच्या पातळ्या, जमिनीचे थर असं सगळं एकत्र असतं आणि ते एका तक्त्यात बसत नाही. उघडतानाच पातळीचा प्रकार आणि उंची गाळून द्या. २ मीटर वेगळं, १० मीटर वेगळं, पृष्ठभाग वेगळा. पृष्ठभागातही तात्कालिक आणि साठत जाणारे घटक वेगळे उघडावे लागतात.

सगळ्यात फसवी चूक अक्षांशाची. मॉडेलांच्या फाइलीत अक्षांश ९० पासून उणे ९० कडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. ‘१४.७५ ते १८.२५’ असं मागितलंत तर चूक दाखवत नाही. रिकामा तक्ता येतो. ‘१८.२५ ते १४.७५’ असं उलट मागा. रेखांशाचं मात्र आपल्याला सुख आहे. कुणी ० ते ३६० मोजो, कुणी उणे १८० ते १८०, आपला ७४.५ दोन्हीकडे ७४.५च.

तापमान केल्विनमध्ये असतं, २७३.१५ वजा करा. वारा पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर अशा दोन भागांत येतो. वेग काढायला दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. आधी वेग काढून मग सरासरी आणि आधी सरासरी काढून मग वेग, यांची उत्तरं वेगळी येतात. फवारणीसाठी पहिली पद्धत.

सीएफग्रिब फाइलीशेजारी स्वतःची अनुक्रमणिका तयार करतं. त्याच नावानं नवी फाइल उतरवली आणि जुनी अनुक्रमणिका तशीच राहिली, तर इशारे येतात आणि गोंधळ उडतो. नावात तारीख, रन आणि तास तिन्ही घाला, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

७. पावसाची बेरीज: इथेच सगळे घसरतात

या पायरीवर घाई करू नका. चुकीचे बहुतेक तक्ते इथेच तयार होतात.

पाऊस मॉडेलमध्ये साठत जातो. प्रश्न एवढाच की कधीपासून. ईसीएमडब्ल्यूएफमध्ये रन सुरू झाल्यापासून, आणि एकक मीटर. समजा कणकुंबीच्या बिंदूवर ३ तासांना ०.००४ आणि २७ तासांना ०.०८१ आहे. वजाबाकी ०.०७७, गुणिले १०००, म्हणजे त्या २४ तासांत ७७ मिमी. कुणी २७ तासांचा आकडा तसाच ‘उद्याचा पाऊस’ म्हणून लिहितं, आणि पाचव्या दिवशी त्याच्या तक्त्यात पाच दिवसांचा पाऊस एका दिवसावर पडतो.

जीएफएसमध्ये एकक मिलिमीटरच आहे, पण हिशेब सहा-सहा तासांच्या कप्प्यांत चालतो. ५ व्या तासाच्या फाइलीत ० ते ५, ६ व्यात ० ते ६, ७ व्यात ६ ते ७, आणि १२ व्यात ६ ते १२. सहाला कप्पा रिकामा होऊन पुन्हा भरायला लागतो. शेजारच्या तासांची आंधळी वजाबाकी केली की दर सहा तासांनी उणे पाऊस येतो. आणि सगळे तास बेरजेत घातले की पाऊस तिप्पट-चौपट होतो. जोडीला त्याच फाइलीत ‘०पासून आतापर्यंत’ अशी दुसरी नोंदही असते. तीच वापरा, काम सोपं होतं. फक्त एक खोच आहे: २४ व्या तासाला अनुक्रमणिकेत कालावधी ‘०-२४ तास’ असा नसतो, ‘०-१ दिवस’ असा असतो, ४८ ला ‘०-२ दिवस’. तासांचा शब्द शोधणारा कोड नेमका याच वेळी अडतो. ० व्या तासाच्या फाइलीत पाऊस नसतोच, तो शोधत बसू नका.

आता दिवस म्हणजे काय ते. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. साडेआठ म्हणजे ०३ यूटीसी. म्हणून ००च्या रनमधून पहिला पूर्ण दिवस ३ ते २७ तासांचा, दुसरा २७ ते ५१, तिसरा ५१ ते ७५. १२च्या रनमधून १५ ते ३९ आणि पुढे. १५ जूनच्या ००च्या रनचा पहिला दिवस सरकारी नोंदीत १६ जूनच्या नावावर जातो, कारण नोंद १६ ला सकाळी होते. ही एका दिवसाची सरक राहिली तर मॉडेल ‘एक दिवस आधी पाऊस दाखवतं’ असा निष्कर्ष निघतो, आणि दोष मॉडेलचा नसतोच.

इथेच एआयएफएसची अडचण कळते. ते ६ च्या टप्प्यानं येतं. ३ आणि २७ त्यात नाहीत. युरोपच्या मुख्य मॉडेलचंही १४४ तासांपुढे तसंच. अशा वेळी साडेआठचा दिवस जुळवायच्या भानगडीत न पडता दोन-तीन दिवसांच्या बेरजा ताडा. तीन तासांची सरक तिथे कमी बोचते.

वजाबाकीत बारीक उणे आकडे, उणे ०.०१ सारखे, निघाले तर घाबरू नका. आकडे दाबून ठेवताना होणाऱ्या पूर्णांकनामुळे ते येतात, शून्य करा. उणे २ किंवा उणे १० आला तर मात्र कप्प्यांचा हिशेब चुकला आहे.

८. ग्रिड आणि सह्याद्री

०.२५ अंश म्हणजे आपल्याकडे दक्षिणोत्तर सुमारे २८ किमी, पूर्व-पश्चिम सुमारे २७. बेळगाव १५.८५, ७४.५० वर; सर्वांत जवळचा बिंदू १५.७५, ७४.५०. खानापूर १५.६४, ७४.५१ वर, जवळचा बिंदू तोच. म्हणजे मॉडेलच्या लेखी दोघांचा पाऊस एक. कणकुंबी त्याच्या पश्चिमेच्या शेजारच्या बिंदूवर, ७४.२५ ला. घाटमाथ्याच्या धुवाधार पावसापासून बेळगावच्या शहरी पावसापर्यंतची सगळी उतरंड या दोन बिंदूंच्या मध्ये कुठे तरी घडते, आणि जांबोटी त्याच फटीत बसतं.

निपाणीची अडचण निराळी. ती ७४.३८ ला आहे, म्हणजे ७४.२५ आणि ७४.५० च्या जवळजवळ मधोमध. अक्षांश-रेखांशाच्या तिसऱ्या आकड्यात थोडा फरक झाला तरी ‘जवळचा बिंदू’ पश्चिमेकडचा की पूर्वेकडचा हे बदलतं, आणि पावसाचा आकडाही. अशा गावासाठी चारही बाजूंच्या बिंदूंवरून भारित सरासरी घ्या, आणि चारही आकडे शेजारी लिहून ठेवा. त्यांच्यातलं अंतर हीच खरी माहिती आहे.

शिवाय मॉडेलमधला सह्याद्री खऱ्यापेक्षा बुटका आणि पसरट असतो. २५ किमीच्या चौकोनात घाटमाथा आणि गोव्याकडचा तळ यांची सरासरी होते. त्यामुळे कणकुंबी-आमगावचा आकडा बहुधा कमी येतो. मॉडेलची जमिनीची उंची त्याच फाइलीत मिळते. ती एकदा काढून खऱ्या उंचीशी ताडा. तापमानासाठी दर किलोमीटरला साडेसहा अंश धरून दुरुस्ती करता येते. पावसाला असा सरळ हिशेब नाही.

पूर्वेला चित्र उलटं. अथणी, रायबागकडे पर्जन्यछायेत मॉडेल अनेक दिवस अर्धा-एक मिमी भुरभुर दाखवत राहतं, जी प्रत्यक्षात पडतच नाही. हवामान विभाग २.५ मिमी आणि वर पडला तरच पावसाचा दिवस मानतो. तोच उंबरठा लावा, नाहीतर धूळवाफ पेरणीचा निर्णय कागदावरच्या भुरभुरीवर होईल.

म्हणून एका बिंदूपेक्षा खोऱ्याची सरासरी घ्या, आणि एका आकड्यापेक्षा समूह-अंदाज, म्हणजे सुरुवात थोडी-थोडी बदलून चालवलेले अनेक अंदाज. युरोपच्या समूहात ५१ अंदाज असतात, अमेरिकेच्या जीईएफएसमध्ये ३१. दूधगंगा खोऱ्यावर ६४.५ मिमीच्या वर, म्हणजे हवामान विभागाच्या ‘मुसळधार’ वर्गात, ५१ पैकी किती जातात ते मोजा. १० गेले तर साधारण २० टक्के शक्यता. समूहाची सरासरी मात्र मुसळधार पावसासाठी घेऊ नका. सरासरीत टोकं पुसली जातात आणि टोकांसाठीच आपण बसलेलो असतो.

९. पडताळा, आणि दोन राज्यांची नावं

आपल्या भागात किमान एका पावसाळ्याचे अंदाज खऱ्या नोंदींशी ताडल्याशिवाय त्यावर कुणाला सल्ला देऊ नका.

हवामान विभागाचा ०.२५ अंशाचा रोजचा पाऊस १९०१ पासून वर्षवार फाइलीत मिळतो. ही साधी बायनरी फाइल असते: १३५ रेखांश, १२९ अक्षांश, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइट, लीप वर्षाची २,५४,९५,५६०. यापेक्षा कमी-जास्त असेल तर उतरताना बिघडली आहे. यात अक्षांश ६.५ पासून वर जातो, मॉडेलांच्या उलट. एक तक्ता न उलटता ताडला की दक्षिण-उत्तर पालथी होते आणि तरीही आकडे विश्वसनीय दिसतात. नसलेली नोंद उणे ९९९ नं दाखवलेली असते. ती न गाळता सरासरी काढू नका. पायथॉनची आयएमडीलिब ही लायब्ररी या बहुतेक गोष्टी सांभाळते.

गावपातळीवर कर्नाटकात केएसएनडीएमसी या राज्याच्या आपत्ती-निरीक्षण केंद्राची दूरमापी पर्जन्यमापकं आहेत, महाराष्ट्राच्या बाजूला महसूल मंडळांमध्ये महावेध प्रकल्पाची. सीमेवरच्या खोऱ्याला दोन्ही लागतात, आणि इथे नावं छळतात. जुन्या नोंदींत बेळगाव, १ नोव्हेंबर २०१४ नंतर बेळगावी. चिकोडी-चिक्कोडी, निपाणी-निप्पाणी, सौंदत्ती-सवदत्ती. खानापूर तालुका आपल्याकडेही आहे आणि सांगली जिल्ह्यातही. राजापूर म्हटलं की शिरोळ तालुक्यातला कृष्णेवरचा बंधारा की रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव? नावावरून तक्ते कधीही जोडू नका. केंद्राचा संकेतांक नाहीतर अक्षांश-रेखांश वापरा, आणि एक जुळणी-तक्ता एकदाच हातानं करून ठेवा. एक दिवस जातो, पण पुढची सगळी वर्षं सुटतात.

दुरुस्तीचा गुणक काढायचा तर ठिकाणागणिक, महिन्यागणिक आणि कितव्या दिवसाचा अंदाज त्यागणिक वेगळा काढा. बेळगावचा गुणक कणकुंबीला लावू नका. मॉडेलची आवृत्ती बदलली की जुना गुणक निकामी होतो; जीएफएस जून २०१९ आणि मार्च २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणात बदललं. त्या तारखा ओलांडून सरसकट सरासरी काढू नका.

१०. साठवण

रोजच्या फाइली चौकटीपुरत्या कापून झारमध्ये (डेटा तुकड्यांत साठवणारं स्वरूप), नाहीतर नेटसीडीएफमध्ये (एका फाइलीत साठवणारं स्वरूप) जोडत जा. दोन वेळा वेगळ्या ठेवा: रन कधीचा आणि अंदाज किती तासांपुढचा. दोन्ही मिळून एकच ‘वेळ’ केली की सोमवारी दिलेला शुक्रवारचा अंदाज आणि गुरुवारी दिलेला शुक्रवारचा अंदाज एकमेकांवर लिहिले जातात. तुकडे पाडताना एका तुकड्यात वेळ जास्त आणि जागा कमी ठेवा, कारण तुम्ही बहुतेकदा ‘या गावाची सगळी मालिका’ मागणार आहात. मूळ ग्रिबचे कापलेले तुकडेही एक पावसाळा जपा. कोडमधली चूक ऑगस्टमध्ये सापडली तर जूनपासून पुन्हा चालवता येतं. नोमॅड्सवर तोपर्यंत काही उरलेलं नसतं.

११. इतरांना पाठवताना

गटावर आकडा टाकताना त्यासोबत मॉडेलचं नाव, रनची तारीख आणि वेळ, कुठल्या साडेआठपासून कुठल्या साडेआठपर्यंत, आणि आकडा गावाचा की खोऱ्याचा, एवढं हवंच. ‘उद्या ८० मिमी’ असा सुटा आकडा तीन दिवसांनीही फिरत राहतो. ‘ईसीएमडब्ल्यूएफ, १५ जून, ००चा रन, १६ जून सकाळी साडेआठ ते १७ जून सकाळी साडेआठ, मलप्रभा खोऱ्याचं वरचं अंग, सरासरी ५५, सर्वांत ओल्या बिंदूवर ८०’ असं लिहा. युरोपच्या डेटाचा परवाना श्रेय द्यायला सांगतो, तेही एका ओळीत द्या. इशारा देणं हे हवामान विभागाचं आणि जिल्हा प्रशासनाचं काम आहे. त्यांचा इशारा आणि तुमचा तक्ता जुळत नसेल तर आधी त्यांचा इशारा पाठवा, आणि मग आपली वजाबाकी पुन्हा तपासा: ३ आणि २७, मीटर की मिलिमीटर, अक्षांश सरळ की उलटा.